आम्ही पक्ष बघत नाही, माणूस बघतो. म्हणजे नेमकं काय बघतो?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण खाली भांडायला येण्याआधी पूर्ण वाचा एवढी विनंती.

अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक आली की तिथल्या सर्व्हेवाल्या संस्था लोकांना विचारत सुटतात, की बाबांनो, अध्यक्षाच्या अंगात काय काय असावं? प्रामाणिक हवा की कणखर, अनुभवी हवा की आपल्यासारख्या साध्या माणसाचं दुखणं समजणारा? दशकानुदशकं हे चालू आहे. आपल्याकडे असं कुणी विचारत नाही. राष्ट्रपती तर आपण निवडतच नाही, आमदार-खासदार निवडतात. त्यातही गुण कोणता चालला ते २००७ ला दिसलं. शिवसेना भाजपच्या आघाडीत असून मत प्रतिभाताई पाटलांना, कारण माणूस मराठी. तो विषय तिथं संपला.

पण आपल्याला आपला अध्यक्ष निवडायला मिळतो, तो म्हणजे नगराध्यक्ष. आणि गावात सरपंच. तालुक्याच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारा, उत्तर ठरलेलं: "आम्ही पक्षबिक्ष काय बघत नाय, माणूस बघतो." वीस वर्षांहून जास्त काळ हे वाक्य मी वहीत लिहून घेतोय. त्याच्या पुढचा प्रश्न मात्र आपण विचारत नाही. माणूस बघतो म्हणजे त्याच्यात काय बघतो?

आधी हे बघायची संधी आपल्याला कधी आणि किती मिळाली ते पाहू. महाराष्ट्रात थेट जनतेतून नगराध्यक्ष पहिल्यांदा १९७४ ला निवडले गेले. मग ते बंद पडलं. २००१ ला पुन्हा थेट. २००६ ला पुन्हा नगरसेवकांतून. २०१६ ला फडणवीस सरकारनं परत थेट केलं, २०२० ला आघाडी सरकारनं ते मोडलं, २०२२ ला शिंदे सरकारनं परत आणलं. सरपंचाचंही तसंच, २०१७ ला थेट, २०२० ला सदस्यांतून, २०२२ ला परत थेट. ज्या सरकारला जे सोयीचं ते. लोकांना माणूस निवडता येतो की नाही यावर कुणाचं काही ठाम मत होतं असं मला तरी दिसलेलं नाही. ज्याला वाटतं आपला चेहरा चालतो तो थेट निवडणूक आणतो, ज्याला वाटतं आपले नगरसेवक जास्त येतात तो ती घालवतो. आणि २०२१ च्या शेवटी मुदत संपल्यावर तर चार वर्षं प्रशासकच बसला. तेव्हा ना पक्ष बघायचा होता, ना माणूस.

आता २०१६ कडे या. त्या वर्षी मतदाराच्या हातात दोन वेगळी मतं होती, एक प्रभागाच्या नगरसेवकांसाठी आणि एक नगराध्यक्षासाठी. म्हणजे माणूस बघतो की पॅनेल बघतो याची परीक्षाच होती. निकाल आठवतात का?

कोपरगाव. गोदाकाठचं हे गाव म्हणजे दोन साखर कारखान्यांचं, दोन घराण्यांचं राजकारण. एकतर काळे, नाहीतर कोल्हे. तिसरं नाव घ्यायची पद्धतच नाही. तिथं नगराध्यक्ष झाले विजय वहाडणे, अपक्ष. वडील सूर्यभान पाटील वहाडणे भाजपचे जुने नेते, पण पोरानं लढवली ती दोन्ही घराण्यांच्या विरोधात. सभागृहात बहुमत त्यांचं नव्हतं. याचा अर्थ काय होतो ते नीट बघा. त्याच रांगेत उभं राहून, त्याच बोटाला शाई लावून, लोकांनी प्रभागात घराण्याच्या माणसाला मत दिलं आणि वर मात्र घराण्याबाहेरचा बसवला. पाण्याला आठवडा-आठवडा वाट बघणारं गाव ते, पाच नंबर साठवण तलावाची चर्चा लग्नाच्या पंगतीत व्हायची. अशा गावाला काय हवं होतं? माझं वाचन असं, की त्यांना कुणाच्या ओळीत न बसणारा, तोंडावर बोलणारा माणूस हवा होता. फटकळ म्हणा हवं तर. पण नगरसेवक मात्र असा हवा, जो कारखान्यावर शब्द टाकेल, पोराला कुठंतरी चिकटवेल, दवाखान्यात ओळख काढेल. दोन खुर्च्यांसाठी दोन वेगळे गुण. मतदार गोंधळलेला नव्हता, चांगला हिशेबी होता.

श्रीरामपूरला तसंच. सभागृहात बहुमत ससाणे गटाचं आणि नगराध्यक्ष झाल्या अनुराधा आदिक. पुढं जानेवारी २०१९ ला श्रीगोंद्यात नगरसेवक जास्त भाजपचे, नगराध्यक्ष काँग्रेसच्या शुभांगी पोटे. एका जिल्ह्यात तीन गावांनी एकच गोष्ट केली, तेव्हा तो अपघात म्हणता येत नाही.

याची किंमतही गावांनी मोजली. नगराध्यक्ष एका बाजूला आणि बहुमत दुसऱ्या बाजूला असलं, की सर्वसाधारण सभा म्हणजे तमाशा. विषयपत्रिका वाचेपर्यंत खुर्च्या सरकतात. आणि मधल्या मध्ये मुख्याधिकारी निवांत, कारण शेवटी सही त्याची आणि नेमणूक सरकारची. थेट निवडीच्या विरोधात बोलणारे हेच दाखवतात आणि त्यांचं पूर्ण चुकीचं नाही.

पण मग नगर शहराकडं बघा. नगरपालिका १८५४ ची, जिल्ह्यातली सगळ्यात जुनी. २००३ ला महापालिका झाली आणि थेट अध्यक्ष निवडायचा विषयच संपला, कारण महापौर नगरसेवकांतून. म्हणजे देवळाली प्रवरासारख्या छोट्या गावाला आपला अध्यक्ष स्वतः निवडता येतो आणि लाखोंच्या शहराला येत नाही. डिसेंबर २०१८ ला महापालिकेच्या ६८ जागांत शिवसेना २४, राष्ट्रवादी १८, भाजप १४. महापौर कुणाचा? भाजपचा. राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर बाबासाहेब वाकळे महापौर झाले. वाकळे चांगले की वाईट हा मुद्दाच नाही. त्यांच्यातला कोणता गुण बघून शहरानं त्यांना निवडलं, हा प्रश्नच विचारता येत नाही, कारण शहराला कुणी विचारलंच नव्हतं.

माणूस बघून निवडणं याचा आपल्या जिल्ह्यातला सगळ्यात गाजलेला दाखला मात्र नगरपालिकेतला नाही आणि थेट निवडणुकीतलाही नाही. हिवरे बाजार, १९८९. गाव इतकं बदनाम, की सरकारी नोकराची तिथं बदली म्हणजे शिक्षा समजायचे. दुष्काळ, दारू, भांडणं. तिथल्या पोरांनी ठरवलं, की गावातला एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा पोपटराव पवार सरपंच करायचा. घरच्यांना वाटत होतं पोरगं क्रिकेटमध्ये नाहीतर चांगल्या नोकरीत जावं. तो बिनविरोध सरपंच झाला, पुढं काय झालं ते जगाला माहिती आहे, २०२० ला पद्मश्रीही मिळाली. पण १९८९ ला पुढचं कुणाला माहीत होतं? तेव्हा गावानं त्यांच्यात बघितलं काय? शिकलेला आहे, आणि कुठल्याच तटात नाही. बस्स, दोनच गोष्टी. जातवान पुढारी नाही, पैसेवाला नाही, आणि त्याला खुर्ची हवीय असंही नाही. मला वाटतं हा तिसरा गुण आपल्या लोकांना फार आवडतो. अच्युतराव पटवर्धन १९५० ला राजकारण सोडून बाजूला झाले, अण्णा हजारे कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत. ज्याला नको आहे त्याला आपण डोक्यावर घेतो. अडचण एवढीच, की मतपत्रिकेवर नाव येतं ते ज्याला हवं आहे त्याचंच.

सरकारनं मात्र सरपंचाचे गुण कायद्यात लिहून ठेवलेत, तेही बघण्यासारखे आहेत. १ जानेवारी १९९५ नंतर जन्म असेल तर सातवी पास पाहिजे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेलं नको. घरात संडास पाहिजे आणि तो वापरतो असा दाखला पाहिजे. आता यातल्या कशाला वाईट म्हणणार? पण गंमत बघा, खोटं बोलत नाही, टेंडरमध्ये तोंड घालत नाही, ग्रामसभेला घाबरत नाही, याचा दाखला कुठलं कार्यालय देणार! ते मतदारावर सोडलंय.

आता त्या मतदाराकडं येऊ, आणि थोडं मागं जाऊ. १९९१ ची लोकसभा. मी तेव्हा शाळेत होतो, निकालपत्र वाचलं ते पुष्कळ नंतर, पत्रकारितेत आल्यावर. बाळासाहेब विखे पाटील १९७१ पासून कोपरगावचे खासदार. त्या वेळी कोपरगावचं काँग्रेसचं तिकीट शंकरराव काळेंना गेलं. विखे नगरमधून अपक्ष उभे राहिले, काँग्रेसकडून यशवंतराव गडाख. गडाख निवडून आले. विखे कोर्टात गेले. तक्रार काय होती? प्रचारात माझ्या चारित्र्याबद्दल खोटं सांगितलं. म्हणजे विखे मतदारांना पैसे आणि वस्तू वाटून निवडणूक विकत घ्यायला निघालेत, अशा अर्थाची भाषणं झाली. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) मध्ये उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल खोटी विधानं करणं हा भ्रष्टाचार ठरतो. १९९३ च्या मार्चमध्ये हायकोर्टानं गडाखांची निवडणूक रद्द केली, नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं ते रद्द करणं कायम ठेवलं. हायकोर्टानं शरद पवारांवर ठेवलेला ठपका मात्र सुप्रीम कोर्टानं काढून टाकला. पुढं १९९४ ला पोटनिवडणूक झाली आणि दादा पाटील शेळके खासदार झाले. गडाखांनी नंतर 'अर्धविराम' लिहिलं, विख्यांचं 'देह वेचावा कारणी' त्यांच्या मागं २०२० ला आलं. नगरच्या माणसानं दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत.

हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात, का शिकवतात ते त्यांना माहीत. मला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. १९९१ ला एखाद्याला मतदाराच्या नजरेतून उतरवायचं असेल तर काय म्हणायचं? "हा पैसे वाटतो." एवढं म्हटलं की माणूस बाद होईल, असा पुढाऱ्यांचा हिशेब होता. आणि ज्याच्यावर बोललं गेलं त्याला ते इतकं लागलं, की तो दोन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढला. म्हणजे पैसे वाटणारा ही शिवी होती. कोर्टानंही ती चारित्र्यावरची शिवीच मानली.

आज? आज कुणी उमेदवाराबद्दल म्हणालं की "तो वाटणार आहे", तर पुढचा प्रश्न येतो, "कधी?" त्यावर कोण कोर्टात जाईल? उलट काही ठिकाणी "ह्यानं काहीच सोडलं नाही" ही तक्रार होते. मतदानाच्या आदल्या रात्री गल्लीतले दिवे उशिरापर्यंत का चालू असतात हे मला लिहायला नको, तुम्हाला माहिती आहे. पाकीट घेणारा माणूस वाईट असतो असं मी म्हणत नाही. पाच वर्षांत दुसरं काही मिळणार नाही ही त्याची खात्री झालेली असते. पण तेहतीस-चौतीस वर्षांत एक दुर्गुण गुणांच्या यादीत जाऊन बसला, आणि कोणत्या निवडणुकीत तो तिकडं सरकला हे आम्हा बातमीदारांपैकी कुणी नोंदवलं नाही.

तरी सगळं पैशावर चालतं हेही खरं नाही, नाहीतर २०२४ चा निकाल लागला नसता. लोकसभेला सुजय विखे डॉक्टर, तिसऱ्या पिढीतले, आणि समोर हंग्याचे नीलेश लंके. प्रचारात विख्यांनी इंग्रजीचा विषय काढला, लंकेंनी माझ्यासारखं इंग्रजी बोलून दाखवावं म्हणून. जिल्ह्यात घरोघरी त्याची चर्चा. दिल्लीत बोलायला इंग्रजी लागतं, हे काही पूर्ण खोटं नाही. पण लोकांनी ते आपल्यावरच घेतलं, कारण आपल्यालाही येत नाही. भाळवणीच्या कोविड सेंटरमध्ये लोकांनी लंकेंना पेशंटच्या खाटेजवळ बघितलेलं होतं, आणि त्या आठवणीसमोर इंग्रजी टिकलं नाही. लंके सुमारे २९ हजारांनी निवडून आले आणि लोकसभेत शपथ घेतली ती इंग्रजीत. नगरी माणूस उधारी ठेवत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभा. पारनेरमधून राणीताई लंके उभ्या राहिल्या आणि जेमतेम दीड हजार मतांनी हरल्या. नवऱ्याचा गुण बायकोच्या नावावर तसाच्या तसा चढत नाही, हे तालुक्यानं दाखवलं. आणि संगमनेरला १९८५ पासून सलग आठ वेळा निवडून आलेले बाळासाहेब थोरात अमोल खताळांकडून दहा हजारांवर मतांनी पडले. शांत, संयमी, कुणाशी वाकडं नाही, हे थोरातांचे गुण चाळीस वर्षं चालले. मग अचानक चालले नाहीत. त्याची कारणं बरीच आहेत, शेजारच्या तालुक्याचं राजकारण आहे, राज्याची हवा आहे. पण मतदाराच्या तोंडून मी जे ऐकत आलोय ते सोपं आहे: साहेब चांगले, पण साहेबांपर्यंत पोचायला मध्ये चार जण.

इथं आपलं खरं उत्तर येतं असं मला वाटतं. आपल्या जिल्ह्यात उमेदवाराचा पहिला गुण म्हणजे तो भेटतो का. प्रामाणिक, हुशार, अनुभवी हे सगळं त्याच्या मागं. आणि तो भेटतो की नाही हे मोजायची जागा म्हणजे दहावा. बाहेरच्या माणसाला हे समजणार नाही. आपल्याकडं दशक्रिया विधीला पुढारी येतो, श्रद्धांजलीचं भाषण करतो, आणि मग दुसऱ्या गावच्या घाटावर निघतो. एका सकाळी तीन-तीन दहावे करणारे पुढारी मी बघितलेत, गाडीत टोपी, उपरणं आणि मयताचं नाव लिहिलेली चिठ्ठी. हसू नका. ज्या घरातला कर्ता गेलाय त्या घराला आमदार अंगणात येऊन उभा राहिला याचं मोल मोठं असतं. पुढच्या निवडणुकीत बाई म्हणते, "आमच्या ह्यांच्या दहाव्याला आला होता." त्यापुढं जाहीरनामा काय करणार?

मला त्यात वाईट काही दिसत नाही, अपुरं मात्र दिसतं. कारण नगराध्यक्षाची खुर्ची दहाव्याला जाण्यासाठी नाही. तिथं अर्थसंकल्प वाचावा लागतो. घरपट्टी किती वसूल झाली, पाणी योजनेच्या कर्जाचा हप्ता किती, कचऱ्याचा ठेका कुणाला आणि कोणत्या दरानं, मुख्याधिकाऱ्यानं समोर सरकवलेल्या कागदावर काय लिहिलंय. हे ज्याला वाचता येतं तो आपल्याला भेटतोच असं नाही, आणि जो भेटतो त्याला ते वाचता येतंच असं नाही. दोन्ही एका माणसात असलेले निवडून आले की गाव बदलतं, हिवरे बाजार लांब नाही, नगरहून जाऊन दुपारपर्यंत परत येता येतं. आपण त्यातला एकच गुण तपासतो.

जागा बाईंसाठी राखीव असली की तर तोही तपासत नाही. तेव्हा भेटणारा माणूस म्हणजे नवरा, दीर, सासरे. फ्लेक्सवर बाईंचा फोटो आणि त्याच मापाचा "त्यांचा" फोटो. बाई किती शिकल्या, बचत गटाचा हिशेब किती वर्षं ठेवला, बोलतात कशा, हे विचारायला कुणाला सुचत नाही, आम्हा पत्रकारांनाही नाही. आम्ही मुलाखतीला जातो आणि माईक नवऱ्यापुढं धरतो. सवयच पडलीय.

डिसेंबर २०२५ ला परत थेट नगराध्यक्ष निवडले गेले, तेव्हा आमच्याकडं उमेदवारांची शपथपत्रं निवडणूक कार्यालयाच्या फलकावर लावली होती. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण, सगळं त्यात. २००२ ला सुप्रीम कोर्टानं उमेदवाराची माहिती हा मतदाराचा हक्क ठरवला, त्यातून आलेली ही कागदं. मी तिथं तासभर थांबलो, लोक काय वाचतात ते बघायला. तिघंजण आले. दोघं वकील होते, समोरच्याच्या अर्जात चूक सापडते का बघत होते. तिसरे एक आजोबा, चष्मा पुसून बराच वेळ वाचत उभे राहिले. मी विचारलं, बाबा, काय बघताय? म्हणाले, "ह्यानं घरपट्टी भरली का तेवढं बघतोय. आमची थकली तर नळ तोडायला आले होते."